पुरुषांतील वंध्यत्व

शुक्राणूंची निर्मिती, त्यांचा मार्ग किंवा त्यांची फलनक्षमता यांतील दोषामुळे जोडप्याला मूल न होणे. गर्भनिरोधक न वापरता १२ महिने नियमित शरीरसंबंध ठेवूनही गर्भधारणा झाली नाही, तर वंध्यत्व आहे असे जागतिक आरोग्य संघटना मानते. पत्नीचे वय ३५ च्या पुढे असेल, तर ६ महिन्यांतच तपासण्या सुरू करतात. अशा जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडील कारण एकटे किंवा स्त्रीकडील कारणाच्या जोडीने सापडते. म्हणून दोघांची तपासणी एकाच वेळी व्हावी, हा आजचा सर्वमान्य नियम आहे. वीर्यतपासणी स्वस्त, वेदनारहित आणि तासाभरात होणारी असूनही प्रत्यक्षात अनेक घरांत ती सर्वांत शेवटी होते, तोवर पत्नीची सोनोग्राफी, नळ्यांची क्ष-किरण तपासणी आणि कधी दुर्बिणीची शस्त्रक्रियाही उरकलेली असते.

मराठीत ‘वांझ’ हे विशेषण व्यवहारात स्त्रीला, गाईम्हशींना आणि झाडाला लागते. पुरुषासाठी बोलीत तसा शब्दच रुळला नाही. ‘निपुत्रिक’ हा शब्द फक्त परिस्थिती सांगतो, आणि ‘नपुंसक’ किंवा ‘नामर्द’ हे शब्द निराळ्याच गोष्टीला, म्हणजे संभोगाच्या असमर्थतेला चिकटले आहेत. या दोन गोष्टींची गल्लत वैद्यकीयदृष्ट्या चुकीची आहे. वीर्यात एकही शुक्राणू नसलेल्या पुरुषाचे लैंगिक जीवन पूर्णपणे सुरळीत असू शकते. वीर्याचा बहुतेक भाग रेताशय आणि पुरःस्थ ग्रंथी (प्रोस्टेट) यांच्या स्रावांचा असल्याने त्याच्या प्रमाणावरून किंवा दाटपणावरूनही शुक्राणूंची संख्या ओळखता येत नाही.

प्राचीन उल्लेख : आयुर्वेदाने पुरुषाच्या बीजातील दोष स्वतंत्रपणे मांडले, हे नोंदण्याजोगे आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील तिसाव्या अध्यायात फेनिल, तनू, रूक्ष, विवर्ण, पूती, पिच्छिल, अन्यधातूंनी युक्त आणि अवसादी असे रेताचे आठ दोष दिले आहेत. क्लैब्याची (नपुंसकतेची) बीजोपघात, ध्वजभंग, जरा आणि शुक्रक्षय अशी चार कारणेही तेथेच येतात. हा मजकूर सर्रास ‘चरकाचे मत’ म्हणून उद्धृत होतो, पण ते काटेकोर नाही. चिकित्सास्थानाचे १७ अध्याय आणि कल्प व सिद्धी ही दोन्ही स्थाने दृढबलाने पूर्ण केली, असे संहितेतच म्हटले आहे. ते १७ अध्याय नेमके कोणते, याबद्दल अध्यायांच्या क्रमभेदामुळे वाद आहे, तरी तिसावा अध्याय दृढबलाचा मानण्यास सहसा हरकत घेतली जात नाही. दृढबलाचा काळ साधारणपणे इ. स. चौथे ते सहावे शतक असा धरतात. सुश्रुताच्या शारीरस्थानात दुसऱ्या अध्यायात आठ शुक्रदोषांची वेगळी यादी आहे. तिच्यातील ‘पूतिपूय’ म्हणजे आजचा जननमार्गाचा जंतुसंसर्ग आणि ‘क्षीण’ म्हणजे अल्पशुक्राणुता, अशी सरळ सांगड काही आधुनिक लेखक घालतात. ती ओढूनताणून वाटते, कारण शुक्राणू सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम पाहिला गेला तो १६७७ मध्ये, डेल्फ्टच्या आंतोनी व्हान लेव्हेनहुक यांच्याकडून. ‘बीजोपघात’ आणि ‘ध्वजभंग’ हे वेगळे मांडले गेले, म्हणजे बीज बिघडणे आणि संभोग न जमणे यांतला फरक ग्रंथकाराला दिसत होता, एवढे मात्र निश्चित म्हणता येते.

शुक्राणूंची निर्मिती : वृषणातील बारीक नलिकांत शुक्राणू तयार होतात. त्यांना पोसणाऱ्या पेशी एन्रिको सेर्टोली यांनी १८६५ मध्ये वर्णिल्या, तर नलिकांच्या मधल्या जागेत टेस्टोस्टेरोन बनवणाऱ्या पेशी फ्रांट्स लायडिग यांनी १८५० मध्ये. मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी एफएसएच व एलएच या संप्रेरकांद्वारे या दोहोंवर नियंत्रण ठेवते. वृषणांचे तापमान शरीरापेक्षा २ ते ४ अंश सेल्सिअस कमी राहावे लागते. मूळ पेशीपासून शुक्राणू तयार होण्यास सुमारे ७४ दिवस लागतात, असा अंदाज १९६० च्या दशकात किरणोत्सर्गी द्रव्याच्या साहाय्याने बांधला गेला. नंतरच्या कामात तो काहीसा कमी भरला, आणि व्यक्तीव्यक्तींत फरकही दिसला. पुढे अधिवृषणातून (वृषणाला लागून असलेल्या वेटोळ्या नळीतून) जाण्याचे दिवस मिळवले की व्यवहारात तीन महिने धरतात. मोठ्या तापानंतर शुक्राणू काही काळ घटतात आणि कोणत्याही औषधाचा परिणाम लगेच दिसत नाही, तो यामुळेच.

कारणे : नेहमी आढळणारे आणि शस्त्रक्रियेने सुधारता येण्याजोगे कारण म्हणजे व्हॅरिकोसील, अर्थात वृषणाकडून रक्त परत नेणाऱ्या शिरांची फुगवण. सर्व पुरुषांपैकी सुमारे १५ टक्क्यांत आणि पहिलेच मूल न झालेल्या पुरुषांपैकी ३५ ते ४० टक्क्यांत ती सापडते. ती बहुधा डावीकडे असते, कारण डावी वृषणशीर मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते, तर उजवी तिरकी जाऊन थेट महाशिरेला. फुगलेल्या शिरांमुळे शुक्राणू का बिघडतात, यावर एकमत नाही. साचलेल्या रक्ताची उष्णता, मूत्रपिंडाकडून उलटी येणारी द्रव्ये, प्राणवायूची कमतरता आणि त्यातून होणारी ऑक्सिडीकरणाची इजा अशी स्पष्टीकरणे दिली जातात. एका बाजूच्या शिरा फुगल्या तरी दोन्ही वृषणांचे तापमान वाढलेले आढळते, त्यामुळे उष्णतेचे मत अधिक ग्राह्य धरले जाते.

शस्त्रक्रियेचा वाद जुना आहे. एडिंबरोचे डब्ल्यू. एस. टलॉक यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी शुक्राणू नसलेल्या एका रुग्णावर ही शस्त्रक्रिया केली, त्याचे शुक्राणू परत आले आणि त्याला मूल झाले. त्यानंतर ती जगभर पसरली. पण व्हॅरिकोसील असलेले बहुतेक पुरुष बाप होतातच, हा आक्षेप कायम राहिला. जर्मनीतील नीश्लाग यांच्या चाचणीत (१९९८) शस्त्रक्रिया किंवा शीर बंद करणारा उपचार आणि नुसते समुपदेशन यांत गर्भधारणेचा फरक दिसला नाही. एव्हर्स व कॉलिन्स यांनी २००३ मध्ये उपलब्ध चाचण्या एकत्र करून हाच निष्कर्ष काढला. त्यांच्या गोळाबेरजेत हाताला न लागणाऱ्या, फक्त सोनोग्राफीत दिसणाऱ्या शिरांचे आणि मुळातच चांगले वीर्य असलेले पुरुषही होते, ही टीका रास्त आहे. हाताला लागणारे व्हॅरिकोसील आणि बिघडलेले वीर्य असलेल्यांपुरत्या २०११ च्या एका चाचणीत एका वर्षात नैसर्गिक गर्भधारणा शस्त्रक्रियेच्या गटात ३२.९ टक्के आणि शस्त्रक्रिया न केलेल्या गटात १३.९ टक्के झाली. आजच्या मार्गदर्शक सूचना याच मर्यादित गटाला शस्त्रक्रिया सुचवतात. नुसत्या सोनोग्राफीवरून ती करू नये, याबद्दल दुमत उरलेले नाही.

जनुकीय कारणांत क्लाइनफेल्टर लक्षणसमूह (४७ एक्सएक्सवाय) प्रमुख आहे. हॅरी क्लाइनफेल्टर यांनी १९४२ मध्ये त्याचे वर्णन केले आणि १९५९ मध्ये जादा एक्स गुणसूत्र उघडकीस आले. वाय गुणसूत्राच्या एझेडएफ या पट्ट्यातील तुकडे गळाल्यानेही शुक्राणू बनत नाहीत. ए किंवा बी भाग पूर्ण गळाला असेल तर वृषणातही शुक्राणू मिळण्याची आशा जवळजवळ नसते, सी भाग गळाला असेल तर अनेकदा मिळतात. जन्मतः रेतवाहिन्याच नसणे हे सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या जनुकाशी निगडित असते. वृषण पोटातून खाली न उतरणे हेही जन्मजात कारण असून ते खाली आणण्याची शस्त्रक्रिया बाळ दीड वर्षाचे होण्याआधी उरकणे इष्ट असते.

वयात आल्यानंतर झालेल्या गालगुंडात वृषणाला सूज येऊन ते आक्रसू शकते. भारतात जननमार्गाचा क्षयरोग विसरून चालत नाही, त्यात अधिवृषण व रेतवाहिनी गाठाळ होऊन मार्ग बंद पडतो. कर्करोगावरील केमोथेरपी व किरणोपचार शुक्राणुनिर्मिती थांबवू शकतात, म्हणून तरुण रुग्णाचे वीर्य उपचाराआधी गोठवून ठेवावे. ही सूचना वेळेत न मिळणे ही फार मोठी आणि सहज टळणारी हानी आहे. व्यवसायजन्य कारणांचे ठळक उदाहरण डीबीसीपी या सूत्रकृमिनाशकाचे. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातील ते बनवणाऱ्या कारखान्यातील कामगारांत शुक्राणू घटलेले किंवा नाहीसे झालेले आढळले. सध्या तरुणांत दिसणारे कारण म्हणजे व्यायामशाळेत स्नायू वाढवण्यासाठी घेतलेली टेस्टोस्टेरोन व तत्सम इंजेक्शने. बाहेरून संप्रेरक आले की पियूषिका ग्रंथी आपले काम थांबवते आणि शुक्राणू बनणे बंद होते. ‘कमजोरी’वर म्हणून वंध्य पुरुषाला टेस्टोस्टेरोन देणे ही त्यामुळे उलटी चिकित्सा ठरते. तंबाखू, अतिमद्यपान, लठ्ठपणा आणि भट्टीजवळचे काम यांचाही वाटा असतो.

वीर्यतपासणी आणि ‘काउंट’चा (शुक्राणुसंख्येचा) प्रश्न : २ ते ७ दिवसांच्या संयमानंतर नमुना घेतात व तासाभरात तपासू लागतात. अहवाल बिघडलेला आला तर तपासणी पुन्हा करतात. कोणता आकडा सामान्य मानावा, हे अनेकदा बदलले आहे. दर मिलिलिटरला २ कोटी शुक्राणू ही दीर्घकाळ चाललेली सीमा जॉन मॅक्लाउड व रूथ गोल्ड यांच्या १९५१ च्या अभ्यासातून रूढ झाली. त्यांनी अपत्य असलेल्या १,००० पुरुषांची तुलना १,००० वंध्य जोडप्यांतील पुरुषांशी केली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तिकेने २०१० मध्ये ती १.५ कोटी केली. २०२१ च्या सहाव्या आवृत्तीत दर मिलिलिटरला १.६ कोटी, एकूण ३.९ कोटी, एकूण चलनशीलता ४२ टक्के, पुढे सरकणारे शुक्राणू ३० टक्के आणि योग्य आकाराचे ४ टक्के अशी मूल्ये आहेत. वर्षभरात बाप झालेल्या पुरुषांपैकी तळाचे ५ टक्के जेथे संपतात, तेथे ही रेघ ओढली आहे. तिच्या खालचे पुरुषही बाप झालेले होते, आणि वरच्यांना खात्री मिळत नाही. अहवालातील ४ टक्के आकार पाहून घाबरणाऱ्या जोडप्यांना हे समजावून सांगणे उपचाराइतकेच गरजेचे आहे.

जगभर शुक्राणू घटत आहेत का, हा वाद डेन्मार्कमधील १९९२ च्या एका लेखाने पेटवला. १९४० ते १९९० या काळात सरासरी दर मिलिलिटरला ११.३ कोटींवरून ६.६ कोटींवर आली, असे त्यात म्हटले होते. २०१७ च्या विश्लेषणात पाश्चात्त्य देशांत १९७३ ते २०११ दरम्यान निम्म्याहून अधिक घट दिसली. मोजण्याच्या पद्धती व निवडलेले पुरुष सारखे नव्हते, हा आक्षेप पूर्णपणे दूर झालेला नाही.

वीर्यात शुक्राणू अजिबात नसणे (अशुक्राणुता) सुमारे १ टक्का पुरुषांत आढळते. मार्ग बंद आहे की निर्मितीच नाही, हे वृषणांचा आकार, एफएसएचची पातळी आणि जनुकीय तपासणी यांवरून ठरवतात.

उपचार : पियूषिकेच्या कमतरतेत एचसीजी (एलएचसारखे काम करणारे संप्रेरक) व एफएसएच यांची इंजेक्शने महिनोन्‌महिने दिल्यास शुक्राणू तयार होतात. औषधांनी इतके स्पष्ट यश येणारा हा जवळजवळ एकमेव प्रकार होय. नसबंदी उलटवण्याची सूक्ष्म शस्त्रक्रिया चांगली साधते, मात्र मधली वर्षे वाढतील तसे यश घटते. बाजारातील ‘काउंट वाढवणाऱ्या’ गोळ्यांबाबत सावध राहावे. फॉलिक आम्ल व जस्त यांची अमेरिकेतील २,३७० जोडप्यांवरील मोठी चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली, तीत अपत्यजन्म वाढले नाहीत.

सौम्य दोषात वीर्य धुऊन चपळ शुक्राणू थेट गर्भाशयात सोडतात (आययूआय). या कल्पनेचा आरंभ लंडनचे शल्यविशारद जॉन हंटर यांच्यापासून मानतात. मूत्रमार्गाचे छिद्र खालच्या बाजूस असलेल्या एका कापडव्यापाऱ्याला त्यांनी पिचकारीचा उपाय सांगितला. त्याचे साल १७७६ पासून १७९० पर्यंत वेगवेगळे दिले जाते. हकीकत छापली गेली ती हंटर यांच्या मृत्यूनंतर, १७९९ मध्ये, त्यामुळे ‘अठराव्या शतकाचा उत्तरार्ध’ एवढेच म्हणणे सुरक्षित.

शरीराबाहेरील फलनाने (आयव्हीएफ) पहिले मूल २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधील ओल्डम येथे जन्मले. अवघ्या सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नाने दुसरे जन्मले. पश्चिम बंगाल सरकारने नेमलेल्या समितीने त्यांचा दावा अमान्य केला आणि १९८१ मध्ये त्यांनी आयुष्य संपवले. त्यामुळे ‘भारतातील पहिले टेस्ट ट्यूब बेबी’ हा मान बराच काळ ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या कार्यातून जन्मलेल्या मुलीकडे राहिला. पुढे मुखोपाध्याय यांची टिपणे तपासून आनंद कुमार यांनीच १९९७ मध्ये पहिलेपणाचे श्रेय त्यांना दिले. स्वतःकडचा मान असा लेखी सोडून देण्याचे उदाहरण विज्ञानात विरळा. शास्त्रीय नोंद पूर्ण असलेला पहिला भारतीय जन्म मुंबईचा आणि कालक्रमाने पहिला कोलकात्याचा, अशी मांडणी येथे योग्य मानली आहे.

पुरुषांतील दोषासाठी खरी कलाटणी दिली ती इक्सी या तंत्राने. ब्रुसेल्स येथे जानपिएरो पालेर्मो व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये एकेक शुक्राणू सुईने बीजांडात सोडून झालेल्या गर्भधारणा प्रसिद्ध केल्या. मार्ग बंद असल्यास अधिवृषणातून, निर्मिती तुटपुंजी असल्यास सूक्ष्मदर्शकाखाली वृषणाचा तुकडा शोधून (मायक्रो-टेसे, १९९९) मिळालेले शुक्राणूही आता पुरतात. क्लाइनफेल्टरच्या सुमारे निम्म्या रुग्णांत ते सापडतात. यश मात्र पत्नीच्या वयावर फार अवलंबून राहते, आणि दोष पतीचा असला तरी इंजेक्शने व बीजांडे काढण्याचा त्रास तिलाच सोसावा लागतो. शुक्राणू चांगले असताना इक्सी केल्याने यश वाढत नाही.

शुक्राणू मिळतच नसतील तर दात्याचे वीर्य किंवा दत्तकविधान हे पर्याय राहतात. भारतात सहाय्यक जननतंत्रज्ञानाचा २०२१ चा कायदा २५ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. दाता २१ ते ५५ वर्षांचा असावा, वीर्य नोंदणीकृत पेढीतूनच यावे आणि एका दात्याचे वीर्य एकाच जोडप्याला द्यावे, असे त्यात आहे. मूल कायद्याने त्या जोडप्याचेच असते, दात्याचा त्यावर हक्क राहत नाही. मूल होईल असे दैवी शक्तीच्या नावाने आश्वासन देऊन स्त्रीशी शरीरसंबंध ठेवणे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुन्हा म्हणून आले आहे. अशा फसवणुकीत सापडलेल्या कितीतरी स्त्रियांच्या पतींची एक साधी तपासणीही झालेली नसते.

इक्सीपूर्वी गुणसूत्रांची तपासणी व समुपदेशन करतात, कारण वाय गुणसूत्रातील गळती मुलाकडे जशीच्या तशी जाते. ब्रुसेल्समध्ये इक्सीने जन्मलेल्या पहिल्या पिढीतील ५४ तरुणांचे वीर्य तपासून २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांची मध्यक संख्या दर मिलिलिटरला १.७७ कोटी होती, तर नैसर्गिक गर्भधारणेतून जन्मलेल्या समवयस्कांची ३.७ कोटी.