लहान टाकीत शार्क लहानच राहतो का?

‘टाकी छोटी ठेवली की शार्कही छोटाच राहतो,’ हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तसं होत नाही. अंड्यातून निघालेला बांबू शार्क (घरच्या काचेच्या टाकीत पाळली जाणारी शार्कची एक जात) जेमतेम वीतभर असतो, म्हणून प्रवाळांच्या टाकीत शोभतो. पूर्ण वाढला की साधारण मीटरभर होतो. कमाल लांबी जातीवर ठरते, काचेवर नाही. अपुऱ्या जागेत एखादा खुरटतोही, पण ते खराब पाण्याचं नाहीतर उपासमारीचं लक्षण. जुळवून घेणं नव्हे.

पडताळायचंय? त्या जातीच्या प्रौढ माशाची लांबी शोधा, टाकीच्या रुंदीशी ताडून पाहा: अंग न घासता वळेल का? आधीच पाळला असेल तर काचेला बाहेरून मोजपट्टी चिकटवून दरमहा आकडा लिहा. (खेकडे-कोळंब्याही मोजा; रात्री तो त्यांच्यावरच ताव मारतो.)