मिल-स्पेक मागण्याआधी: पोलाद, भट्टी आणि कागद
(हीट ट्रीटमेंट व टेस्टिंगच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

ऑर्डर देताना हल्ली एक वाक्य हमखास कानावर येतं: "मिल-स्पेक (म्हणजे अमेरिकी सैन्याच्या स्पेसिफिकेशनप्रमाणे), मिलिटरी ग्रेड करून द्या, हार्डनेस जरा कडकच ठेवा." सांगणाऱ्याचा दोष नसतो. त्याच्या ग्राहकाने पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) तेवढंच लिहिलेलं असतं आणि तो ते आमच्याकडे पुढे सरकवतो. पण एवढ्या एका ओळीवर भट्टी लावता येत नाही. मटेरियल कोणतं, हार्डनेस किती आणि कुठल्या जागेवर मोजायचा, तडे तपासायचे का, लॉटमधून नमुने किती काढायचे, यातलं काहीच त्यात नसतं. मग आम्ही उलट फोन करतो, तुम्ही तुमच्या ग्राहकाला करता, आणि दोन दिवस नुसते विचारण्यात जातात.

म्हणून हे पत्रक. उदाहरणं मुद्दाम रायफलची घेतली आहेत. गोळी सुटताना चेंबरमधला दाब चार हजार बारच्या आसपास जातो आणि त्या वेळी उडवणाऱ्याचा गाल बोल्टपासून (चेंबर मागून बंद करणाऱ्या भागापासून) वीतभरही लांब नसतो. अशा ठिकाणी मटेरियलची चूक झाकून राहत नाही. शिवाय सैन्यं नोंदी ठेवतात, त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीची चूकही आज कारणासकट वाचायला मिळते.

(एक खुलासा आधीच करतो. बंदुकीचे भाग आम्ही बनवत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालचा परवाना दाखवल्याशिवाय असे भाग हार्डनिंगला किंवा टेस्टिंगलाही घेत नाही. ओळखीचा माणूस असला तरी नाही.)

स्प्रिंगफील्डमध्ये काय झालं

अमेरिकी सैन्याची १९०३ सालची स्प्रिंगफील्ड रायफल दिसायला देखणी. फिनिशिंग असं की आजही संग्राहक तिच्यासाठी पैसे मोजतात. तिचा रिसीव्हर, म्हणजे ज्यात बॅरल बसतं आणि बोल्ट सरकतो तो मुख्य सांगाडा, कमी कार्बनच्या पोलादाचा फोर्ज केलेला आणि वरून केस हार्डन (फक्त वरचा थर कडक) केलेला असे. १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली, उत्पादन वाढलं आणि त्याच वर्षी काही रिसीव्हर फुटले. वाकले नाहीत, ताणले गेले नाहीत. काचेसारखे तुकडे झाले.

निमित्त काडतुसांचं होतं. काही काडतुसांची पितळी बुडं मऊ निघाली, ती फाटली आणि वायू मागे रिसीव्हरमध्ये घुसला. पण चांगल्या रिसीव्हरने तो धक्का सोसायला हवा होता. मग चौकशी फोर्ज शॉपपर्यंत गेली. तिथे पोलाद किती तापलं हे जुने, अनुभवी कारागीर रंगावरून ठरवत. ढगाळ दिवशी जो तुकडा बरोबर तापलेला दिसे, तोच लख्ख उन्हात फिका दिसे, म्हणून कारागीर तो आणखी तापवत. पायरोमीटर (भट्टीचं तापमान मोजणारं यंत्र) लावून पाहिलं तेव्हा उन्हाच्या दिवसाचं तापमान हवं त्यापेक्षा ३०० फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे सुमारे १६५ सेल्सियसने जास्त निघालं. इतकं तापलं की पोलाद 'जळतं', कण मोठे होतात आणि पुढे त्यावर काहीही केलं तरी ठिसूळपणा आत राहतो.

त्यावर दोन उपाय झाले. भट्टीवर पायरोमीटर आले, आणि १९१८ च्या सुरुवातीपासून एका हीट ट्रीटमेंटऐवजी दुहेरी हीट ट्रीटमेंट सुरू झाली. स्प्रिंगफील्डच्या कारखान्यात हा बदल क्रमांक ८,००,००० च्या सुमारास झाला, रॉक आयलंडच्या कारखान्यात २,८५,५०७ पासून. त्याआधीच्या रायफलींना आजही 'लो नंबर' म्हणतात, आणि जाणकार माणूस त्या भिंतीवर टांगतो, झाडत नाही.

आमच्या धंद्याच्या दृष्टीने यातल्या दोन गोष्टींची नोंद घ्यावीच लागते. पहिली, हे सगळे रिसीव्हर प्रूफ फायरिंगमधून पास होऊन बाहेर पडले होते. नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस त्यांनी पचवलं होतं. ठिसूळ पोलाद भार बराच झेलतं. अचानक धक्का बसला की दगा देतं. म्हणजे ताकदीची चाचणी पास झाली म्हणून चिवटपणाही पास झाला असं होत नाही. दुसरी, फुटलेल्या रायफलींची नोंदलेली संख्या शंभराच्याही आत होती, पण संशय मात्र दहा लाखांहून जास्त रायफलींवर बसला. कुठला रिसीव्हर उन्हातला आणि कुठला ढगाळ दिवसाचा, हे सांगणारा कागदच नव्हता. तो असता तर दोष काही लॉटपुरता अडवता आला असता.

तुम्ही आमच्याकडे भट्टीचा चार्ट (तापमानाची नोंद) मागता तेव्हा काही जणांना वाटतं की हा ऑडिटसाठीचा कागद आहे. ऑडिटलाही लागतोच. पण त्याचं खरं काम वर लिहिलं ते आहे.

आकडा बरोबर, जॉब ठिसूळ

हा भाग जरा सावकाश वाचा, कारण आमच्याकडे येणाऱ्या वादांपैकी बरेच इथले असतात.

ईएन २४ या मिश्र पोलादाचा जॉब येतो आणि ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं ४८ ते ५० एचआरसी (रॉकवेल मशिनवरचा हार्डनेस). हा आकडा आणायचा तर हार्डनिंगनंतर टेम्परिंग (ठिसूळपणा कमी करायला पुन्हा तापवणं) ३०० ते ३५० अंशांच्या पट्ट्यात करावं लागतं. आणि साधारण २५० ते ४०० अंश हाच या जातीच्या पोलादाचा वाईट पट्टा. तिथे टेम्पर केलं की हार्डनेस हवा तेवढा मिळतो, पण धक्का सोसण्याची ताकद वाढायच्या ऐवजी घटते. रॉकवेल मशिन हे दाखवत नाही. ते फक्त टोक किती आत गेलं ते मोजतं. चार्पीचा (आघात चाचणीचा) नमुना तोडला की दिसतं.

त्यामुळे भागावर आघात येणार असेल (लॅच, पिन, हुक, हातोड्यासारखे भाग) तर आम्ही विचारतो: ५० खरंच हवं आहे का? बहुतेक वेळा ड्रॉइंग काढणाऱ्याने आकडा 'कडक म्हणजे चांगलं' या हिशेबाने टाकलेला असतो. ३८ ते ४२ चालत असेल तर टेम्परिंग पाचशेच्या वर जातं आणि जॉब चिवट होतो. पृष्ठभागच कडक हवा असेल तर केस हार्डनिंगचं पोलाद घ्या: वरचा थर कडक, गाभा चिवट. ड्रॉइंगमधला बदल आम्ही मनाने करणार नाही. तुमच्या ग्राहकाची लेखी संमती आणा.

प्लेटिंगचंही तसंच. ४० एचआरसीच्या आसपास किंवा त्यावरच्या स्प्रिंगा आणि पिना झिंक प्लेटिंगला जाणार असतील, तर प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत १९० अंशांच्या वर बेकिंग सुरू व्हायला हवं. नाहीतर पोलादात शिरलेला हायड्रोजन दोन-चार दिवसांनी, बसवलेल्या जागेवर, पिन तोडतो. प्लेटिंगवाला "सकाळी टाकतो" म्हणाला तर त्याला ऐकवा.

मिल-स्पेक म्हटलं की त्यात काय काय येतं

एम-१६ रायफलचा बोल्ट पाहा. त्यासाठी नुसतं 'अलॉय स्टील' लिहिलेलं नाही. कार्पेंटर १५८ हे ठरावीक पोलाद सांगितलं आहे. मग केस हार्डनिंग, मग शॉट पीनिंग (बारीक छर्र्यांचा मारा), कारण तडे लगच्या (बोल्ट अडकवणाऱ्या दात्यांच्या) मुळाशी आणि कॅम पिनच्या भोकापाशी सुरू होतात आणि पीनिंगने तिथल्या पृष्ठभागावर दाबाचा ताण बसतो. त्यानंतर जास्त दाबाचं काडतूस उडवायचं (५.५६ साठी ते ७०,००० पीएसआयचं असतं), आणि मग तडे शोधणारी मॅग्नेटिक पार्टिकल टेस्ट, म्हणजे आपण शॉपमध्ये मॅग्नाफ्लक्स म्हणतो ती. हा क्रम उलटा केला तर अर्थ जातो. आधी तडे तपासून मग फायर केलं, तर फायरिंगने पडलेला तडा तसाच पॅक होऊन जाईल.

बॅरलचं पोलादही असंच बांधलेलं: मिल-बी-११५९५ या स्पेसिफिकेशनमध्ये त्याचं रसायन दिलेलं आहे.

मात्र स्पेसिफिकेशन लिहिलं म्हणजे सगळं सुटलं असंही नाही. याच एम-१६ च्या सुरुवातीच्या रायफलींत चेंबरला क्रोम नव्हता. व्हिएतनामच्या दमट हवेत चेंबर गंजले, रिकामी काडतुसं अडकू लागली. मधल्या काळात दारूचा प्रकार बदलला होता आणि सफाईचं सामानही धड पोचत नव्हतं. १९६७ मध्ये अमेरिकी संसदेच्या उपसमितीने चौकशी केली. क्रोम त्याच सुमारास सक्तीचा झाला. कागदावर नसलेली गोष्ट कारखाना करत नाही, आणि तो चुकीचं वागतो असंही म्हणता येत नाही.

आणि कधी कधी 'मिल-स्पेक' हा शब्द फक्त मापापुरता असतो. याच घराण्यातल्या रायफलींत दस्त्याची नळी दोन मापांत मिळते: मिल-स्पेक सुमारे २९.२ मिमी आणि कमर्शियल सुमारे २९.७ मिमी. अर्ध्या मिलिमीटरचा फरक, पण एकाचा दस्ता दुसऱ्यावर बसत नाही किंवा खडखडतो. या शब्दावरून नळीच्या पोताबद्दल काही कळत नाही. मोबाईलच्या कव्हरवर 'मिलिटरी ग्रेड' छापलेलं असतं त्यात तर एवढंही नसतं. मिल-एसटीडी-८१० मध्ये चाचण्यांच्या पद्धती आहेत, त्यातली कोणती केली हे विकणाराच ठरवतो.

आपल्याकडची दोन उदाहरणं

१९६२ च्या युद्धानंतर इशापूरच्या रायफल फॅक्टरीने जुन्या .३०३ एनफिल्डच्या धर्तीवर ७.६२ नाटो काडतुसाची रायफल बनवली, ती २ए. दोन्ही शेजारी ठेवल्या तर चौकोनी मॅगझिन सोडलं तर फरक पटकन दिसत नाही. पण नव्या काडतुसाचा दाब जास्त होता, म्हणून रिसीव्हरचं पोलाद बदललं. ड्रॉइंगचा आकार तोच ठेवून मटेरियलचा रकाना बदलणं हे आमच्या मते फार शहाणपणाचं काम होतं, आणि आपल्याकडे त्याचं कौतुक कमी झालं.

दुसरं इन्सास रायफलचं. पुण्याच्या पाषाणमधल्या एआरडीईची (डीआरडीओच्या शस्त्रसंशोधन संस्थेची) ही रचना. १९९९ च्या कारगिलमध्ये तिच्या प्लास्टिकच्या मॅगझिनांना थंडीत तडे गेल्याच्या तक्रारी आल्या. प्लास्टिक, रबर, ओ-रिंग असलेली असेंब्ली असेल तर ती कोणत्या तापमानाला वापरली जाणार ते आम्हाला कळवा. भोसरीच्या हवेत पास झालेला भाग द्रासमध्ये पास होईलच असं नाही.

जॉबसोबत काय पाठवायचं

ड्रॉइंग, आणि ते कुठल्या रिव्हिजनचं आहे ते. मटेरियलचा टीसी (टेस्ट सर्टिफिकेट), हीट नंबरसकट (पोलाद ज्या वितळीतून आलं तिचा क्रमांक). झेरॉक्स चालेल, पण हीट नंबर वाचता आला पाहिजे आणि तो बारवरच्या शिक्क्याशी जुळला पाहिजे. एका क्रेटमध्ये दोन हीटचे जॉब मिसळू नका. मिसळले असतील तर आम्ही पूर्ण क्रेट परत करतो, यावर वाद नको. हार्डनेसची जागा ड्रॉइंगवर खुणेने दाखवा. ठसा फंक्शनल फेसवर उमटला तर जॉब रिजेक्ट होतो आणि तो आमच्या माथी येतो. केस हार्डनिंग असेल तर थराची खोली आणि ग्राइंडिंगला किती माल सोडला आहे ते लिहा. नसेल सोडलेला तर ग्राइंडिंगमध्ये थरच उडतो.

आमच्याकडून चार्ट, हार्डनेस रिपोर्ट आणि मागितल्यास मॅग्नाफ्लक्सचा रिपोर्ट मिळतो. चार्पी आणि टेन्साइल (ताणून तोडायची चाचणी) आम्ही एनएबीएल-मान्यताप्राप्त लॅबमधून करून घेतो, त्याला तीन-चार दिवस जास्त धरा. त्यासाठी नमुन्याचा तुकडा त्याच हीटचा आणि त्याच चार्जमध्ये (भट्टीच्या त्याच खेपेत) टाकलेला हवा, नंतर आणून दिलेला चालत नाही.

टीसी नसेल तर स्पेक्ट्रो (पोलादाचं रसायन तपासणारी चाचणी) आधी होईल. खर्च तुमच्याकडे, आणि रिपोर्ट येईपर्यंत जॉब भट्टीबाहेर.