कॅलिफोर्नियात मोबाइल नोटरी व्हायचंय? परीक्षेपेक्षा नंतरचे तीस दिवस जपा

सगळ्यात आधी एक गैरसमज दूर करते. ‘मोबाइल नोटरीचं लायसन्स’ असं वेगळं काही कॅलिफोर्नियात नाही. राज्याचं सेक्रेटरी ऑफ स्टेट कार्यालय नोटरी पब्लिकचं कमिशन, म्हणजे सरकारी नेमणूक, देतं, ते चार वर्षांसाठी असतं, आणि तेवढंच लागतं. कमिशन घेऊन तुम्ही एका जागी टेबल मांडून बसलात तरी नोटरीच, आणि लोकांच्या घरी, हॉस्पिटलात, ऑफिसात जाऊन सह्या करून घेतल्यात तर मोबाइल नोटरी. त्यामुळे ‘मोबाइल नोटरी सर्टिफिकेट’ म्हणून कुणी शेकडो डॉलर मागत असेल तर पैसे भरू नका. घरकर्जाच्या कागदांसाठी ‘लोन साइनिंग एजंट’चं प्रशिक्षण असतं, टायटल कंपन्या (घराच्या मालकीहक्काचे कागद बघणाऱ्या) ते विचारतातही. पण ते खासगी आहे आणि कमिशन हातात आल्यावर बघायचं आहे.

बे एरियातली बरीच मराठी मंडळी या कामाकडे वळतात, कारण वेळ आपल्या हातात राहतो आणि भांडवल फारसं लागत नाही. वाईट याचं वाटतं की अभ्यास करून परीक्षा पास झालेली माणसं शेवटच्या टप्प्यावर, एका तारखेपायी किंवा नावातल्या एका शब्दापायी मागे फेकली जातात.

कोण अर्ज करू शकतं

वय १८ पूर्ण हवं आणि तुम्ही कॅलिफोर्नियाचे कायदेशीर रहिवासी हवेत. अमेरिकेचं नागरिकत्व लागत नाही, ग्रीन कार्डही लागत नाही. इथपर्यंत वाचून एच-१बी (नोकरीचा व्हिसा) आणि एच-४ (त्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) वरचे लोक खूश होतात, पण राज्याची अट आणि केंद्राचा इमिग्रेशन कायदा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एच-१बी वर तुम्हाला काम करता येतं ते ज्या कंपनीने तुमचा अर्ज केला तिच्यासाठीच, त्यामुळे स्वतःचा मोबाइल नोटरीचा धंदा त्यात बसत नाही. एच-४ वर ईएडी (काम करण्याचा परवाना) असेल तर काम करता येतं, ईएडी नसेल तर नाही. ‘पंधरा डॉलरचं तर काम, कोण बघतंय’ असं कृपा करून म्हणू नका. नोटरीच्या प्रत्येक कामाची नोंद तुमच्याच हस्ताक्षरात रजिस्टरमध्ये राहते आणि तीत घेतलेली फीही लिहावी लागते. शंका असेल तर कोर्सचे पैसे भरण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा.

अर्जात गुन्ह्यांची माहिती विचारतात. दारू पिऊन गाडी चालवल्याचं एखादं जुनं प्रकरण असेल, अगदी कोर्टाने नंतर निकालात काढलेलं असेल, तरी ते लिहा. अर्ज नाकारले जातात त्यात मूळ गुन्ह्याइतकंच मोठं कारण असतं ते तो लपवल्याचं. तुमच्या बोटांचे ठसे राज्याच्या न्याय खात्याकडे आणि एफबीआयकडे जातात. तिथे ते प्रकरण दिसणारच आहे.

कोर्स, परीक्षा, ठसे

हा भाग त्यातल्या त्यात सोपा. राज्याने मान्यता दिलेल्या संस्थेकडून सहा तासांचा कोर्स करा. त्याचं प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं. परीक्षा इंग्रजीत, तासाभराची, बहुपर्यायी असते आणि पास व्हायला ७० गुण लागतात. सेक्रेटरी ऑफ स्टेटची नोटरी पुस्तिका फुकट मिळते, ती दोनदा नीट वाचली की पुरतं. शुल्क ४० डॉलर, त्यातले २० परीक्षेचे आणि २० अर्जाचे.

ठसे लाइव्ह स्कॅन पद्धतीने, म्हणजे यंत्रावर बोट टेकवून, घेतात. पन्नाशी-साठीच्या बायकांचे ठसे पहिल्या वेळी उमटत नाहीत असं बरेचदा होतं. वर्षानुवर्षं भांडी घासून, कणीक मळून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्र ‘पुन्हा घ्या’ म्हणतं आणि बाई उगीच घाबरतात की आपली काहीतरी चौकशी लागली. तसं काही नसतं. आधीचे चार दिवस रात्री हाताला क्रीम लावा, जाताना मात्र हात कोरडे ठेवा, आणि ठसे पुन्हा द्यायचं पत्र आलं तर लगेच जा. ते पत्र आहे त्या पाकिटात पडून राहिलं की अर्जही तिथेच थांबतो.

नाव

आपल्या लोकांचं सगळ्यात जास्त अडतं ते इथे. भारतीय पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात बहुधा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. ड्रायव्हिंग लायसन्स काढताना कुणी ते दोन्ही शब्द पहिलं नाव म्हणून घालतं, कुणी दुसरा शब्द मधल्या नावात टाकतं, कुणी गाळूनच टाकतं. मग कोर्सच्या प्रमाणपत्रावर एक नाव, परीक्षेच्या नोंदणीत दुसरं, आणि ओळखपत्रावर तिसरं. काउंटरवरच्या माणसाला ‘सुनीता रमेश’ हे पहिलं नाव आहे की रमेश हे मधलं, हे समजावून सांगत बसायची वेळ येते, आणि ते ऐकून घेण्याची त्यांची तयारी नसते.

म्हणून कोर्सला नाव घालण्याच्या दिवशीच ड्रायव्हिंग लायसन्स समोर ठेवा आणि त्यावर आहे अगदी तसंच नाव सगळीकडे लिहा. लायसन्सवरच चुकीचं असेल तर आधी डीएमव्हीत (लायसन्स देणाऱ्या खात्यात) जाऊन ते दुरुस्त करा, महिना गेला तरी चालेल. पुढे कमिशनवर जे नाव छापून येईल तेच बाँडवर (कंपनीकडून घ्यायच्या हमीपत्रावर), तेच शपथपत्रावर आणि तेच शिक्क्यावर यावं लागतं. बाँडवर एक आद्याक्षर कमी असलं तरी काउंटी क्लर्क (जिल्ह्याच्या नोंदी ठेवणारा अधिकारी) कागद परत करतो, आणि त्या वेळी तुमचे दिवस मोजले जात असतात.

तीस दिवस

एक दिवस सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून पाकीट येतं. त्यात कमिशनचं प्रमाणपत्र, शपथपत्राचे दोन फॉर्म, शिक्का बनवून घेण्याचं परवानगीपत्र आणि सूचनांचा कागद असतो. घरात पेढे वाटले जातात, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो जातो. पण त्या क्षणी तुम्ही अजून नोटरी झालेले नसता.

काउंटी क्लर्कच्या ऑफिसात शपथ घेऊन ती दाखल करायची आणि सोबत १५,००० डॉलरचा बाँड दाखल करायचा, तेव्हा तुमचं काम कायदेशीर ठरतं. हे सगळं ३० दिवसांत व्हावं लागतं. हे दिवस पाकीट हातात पडल्यापासून मोजत नाहीत. प्रमाणपत्रावर कमिशन सुरू होण्याची जी तारीख छापलेली असते तिच्यापासून मोजतात. कमिशन १ मार्चला सुरू झालं आणि पाकीट ९ मार्चला पोचलं, तर तुमच्याकडे ८ एप्रिलपर्यंत वेळ नाही. काम मार्चमध्येच संपलं पाहिजे. शनिवार, रविवार आणि सुट्ट्या सगळं या मोजणीत येतं.

मुदतवाढ नाही. टपालाला उशीर झाला, क्लर्कच्या ऑफिसने कागद उशिरा हातात घेतले, आजारपण निघालं, भारतात लग्नाला जावं लागलं, काहीही कारण असलं तरी नाही. टपालाने पाठवण्याची सोय कागदोपत्री आहे, पण तुम्ही कधी पाठवलंत याला अर्थ नाही, मुदतीत दाखल झालं का एवढंच बघतात. मुदत हुकली की कमिशन बाद, आणि नवा अर्ज करून पुन्हा रांगेत. पाकीट स्वतः आठवडाभर उशिरा पाठवायचं आणि अर्जदाराला मात्र एक दिवसही द्यायचा नाही, हा न्याय मला कधीच पटलेला नाही. पण नियम तसा आहे आणि त्यात कुणाला सूट मिळालेली मी पाहिलेली नाही.

म्हणून परीक्षेचा निकाल आला की तयारीला लागा. तुमचं ऑफिस किंवा धंद्याची मुख्य जागा ज्या काउंटीत आहे, तिथेच दाखल करायचं असतं. राहता सांता क्लारात आणि धंद्याचा पत्ता अलामेडातला, तर अलामेडाला जावं लागेल. त्या क्लर्कची अपॉइंटमेंट किती दिवसांनी मिळते, फी किती आणि ती कशी भरायची, हे आधीच विचारून ठेवा, कारण प्रत्येक काउंटीचं वेगळं असतं. बाँड देणारी कंपनीही ठरवून ठेवा. पाकीट आलं की त्याच दिवशी कमिशनवरचं नाव आणि तारखा त्यांना कळवा आणि बाँडची सह्यांसकट मूळ प्रत मागवा. घरी छापलेली प्रत चालेल या भरवशावर जाऊ नका.

हा बाँड म्हणजे तुमचा विमा नव्हे, हेही लक्षात ठेवा. तुमच्या चुकीने कुणाचं नुकसान झालं तर बाँडमधून त्याला पैसे मिळतात आणि कंपनी ते नंतर तुमच्याकडून वसूल करते. स्वतःच्या संरक्षणासाठी चुका-विमा वेगळा घ्यावा लागतो. तो सक्तीचा नाही, पण घरोघरी जाऊन काम करणाऱ्याने तो घ्यावा असं माझं ठाम मत आहे.

काम सुरू झाल्यावर

एका सहीमागे जास्तीत जास्त १५ डॉलर घेता येतात. जाण्यायेण्याच्या पैशाला राज्याने मर्यादा घातलेली नाही. मोबाइल नोटरीची खरी कमाई त्यातच आहे, मात्र आकडा फोनवरच ठरवा आणि तो नोटरी फीपासून वेगळा सांगा. दारात पोचल्यावर रक्कम वाढवून सांगणं शोभत नाही.

आपल्या लोकांकडून येणारी कामं म्हणजे पुण्यातल्या फ्लॅटचं कुलमुखत्यारपत्र, आईवडिलांचा हयातीचा दाखला, पासपोर्टच्या प्रतीवर शिक्का. यातलं शेवटचं जपून. पासपोर्टची किंवा जन्मदाखल्याची ‘खरी प्रत’ म्हणून शिक्का मारायचा अधिकार कॅलिफोर्नियाच्या नोटरीला नाही. फक्त मुखत्यारपत्राची प्रत प्रमाणित करता येते. पासपोर्टधारक स्वतः ‘ही प्रत खरी आहे’ असं लिहून तुमच्यासमोर शपथेवर सही करू शकतो आणि तुम्ही त्या सहीचं जुरॅट (शपथ घेऊन समोर सही केल्याचं प्रमाणपत्र) करू शकता. ‘भारतात तर लगेच करून देतात’ असं काका तुम्हाला ऐकवतील. भारतातला नोटरी १९५२ च्या कायद्याखाली नेमलेला, बहुधा अनुभवी वकील असतो. इथला नोटरी वकील असावाच लागत नाही, आणि वकील नसेल तर त्याला कागदाचा मसुदा करणं किंवा कायद्याचा सल्ला देणं मना आहे. कुठलं प्रमाणपत्र जोडायचं हेसुद्धा त्या माणसाने सांगायचं, तुम्ही नाही.

मुखत्यारपत्र असेल किंवा मालमत्तेचा दस्त असेल, तर रजिस्टरमध्ये सही करणाऱ्याच्या उजव्या अंगठ्याचा ठसा घ्यावा लागतो. हॉस्पिटलात पेशंटपाशी बसून हे करताना घाई करू नका. त्या माणसाला आपण कशावर सही करतोय हे कळत नाही असं वाटलं, तर मुलगा कितीही गयावया करत असला तरी थांबा. आणि सही करणारा समोर हजर हवाच, व्हिडिओ कॉल चालत नाही. ऑनलाइन नोटरीचा कायदा कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये केला, पण त्यासाठीची यंत्रणा उभी करायला राज्याला २०३० च्या सुरुवातीपर्यंत मुदत आहे.

भारतात वापरायच्या मुखत्यारपत्रावर तुमच्या शिक्क्यानंतर सेक्रेटरी ऑफ स्टेटचं अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचं प्रमाणपत्र) लागतं. मग ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. हे करून घेणं तुमचं काम नाही, पण अपोस्टिलचा शब्द तरी कानावर घाला. कागद तसाच कुरियरने पुण्याला जातो आणि सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसातून परत येतो, हे दर महिन्याला कुणाच्या तरी बाबतीत घडतं.

शिक्का आणि रजिस्टर कुलपात ठेवा, घरातल्या कुणालाही हात लावू देऊ नका. पत्ता बदलला तर ३० दिवसांच्या आत सेक्रेटरी ऑफ स्टेटला सर्टिफाइड टपालाने कळवा. नूतनीकरणालाही परीक्षा आणि ठसे चुकत नाहीत. सवलत एवढीच की जुनं कमिशन चालू असताना अर्ज केलात तर सहा तासांऐवजी तीन तासांचा कोर्स पुरतो, म्हणून मुदत संपायच्या सहा महिने आधी हालचाल सुरू करा. काम सोडायचं ठरवलंत तर सगळी रजिस्टरं ३० दिवसांत काउंटी क्लर्ककडे जमा करा आणि त्याची पोच घ्या.