हिमोफिलियाचं दिव्यांग प्रमाणपत्र : मुंबईत अर्ज कुठे अडतो

विक्रोळीहून आलेल्या एका आईच्या हातात मुलाची वीतभर जाड फाइल होती. डिस्चार्ज कार्डं, सोनोग्राफी, रक्त चढवल्याच्या नोंदी, सगळं होतं. एकच कागद नव्हता, फॅक्टर तपासणीचा, म्हणजे रक्त गोठवणारी प्रथिनं (फॅक्टर) मोजल्याचा. प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यकीय बोर्डाने त्यांना परत पाठवलं. माझ्या मुलाला हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार आहे. त्याचं प्रमाणपत्र झाल्यापासून मी इतरांबरोबर या रांगांमध्ये उभी राहते, आणि असं परत जाणं मी फार वेळा पाहिलंय.

केस पेपरवर ‘ब्लीडिंग डिसऑर्डर’ किंवा ‘एपीटीटी वाढलेला’ एवढं लिहिलेलं चालत नाही. एपीटीटीवरून रक्त गोठायला वेळ लागतो एवढंच कळतं, कोणता फॅक्टर कमी आहे ते कळत नाही. बोर्डाला स्पष्ट हवं असतं : फॅक्टर आठ कमी, म्हणजे हिमोफिलिया ए, की नऊ कमी, म्हणजे बी, आणि पातळी किती टक्के. तपासणी झालेलीच नसेल तर आपल्या हिमॅटॉलॉजिस्टकडून (रक्तविकारतज्ज्ञाकडून) चिठ्ठी घ्या. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातच आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, रक्तस्रावाच्या आजारांचं निदान हे तिचं कामच आहे.

रिपोर्ट आहे, पण चुकीच्या दिवशीचा, हीसुद्धा नेहमीची अडचण. फॅक्टर आठचं इंजेक्शन घेतल्यावर साधारण 8 ते 12 तासांत त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. काल डोस घेऊन आज रक्त दिलं, तर कागदावर घेतलेल्या औषधाचा आकडा येतो आणि गंभीर आजार सौम्य दिसतो. म्हणून रक्त कधी द्यायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवा, आणि शेवटच्या डोसची तारीख-वेळ रिपोर्टवर लिहून घ्या. पण कृपा करून, रिपोर्ट ‘चांगला वाईट’ यावा म्हणून मनाने डोस बंद करू नका. त्यात रक्तस्राव होऊन एखादा सांधा कायमचा जाऊ शकतो.

टक्क्यांचा गोंधळ इथेच सुरू होतो. फॅक्टर 1 टक्क्याहून कमी म्हणजे गंभीर, 1 ते 5 मध्यम, 5 ते 40 सौम्य. दिव्यांगत्वाचे टक्के निराळे, ते बोर्ड ठरवतं. ‘रिपोर्टमध्ये 2 टक्के आहे, मग सवलतींना लागणारे 40 टक्के कसे मिळणार’ असं म्हणून अर्जच न केलेले लोक मला भेटलेत. फॅक्टर जितका कमी, तितका आजार मोठा.

कायद्यात बसतं का, हा पुढचा प्रश्न. दिव्यांगांसाठीच्या 1995च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते. 2016च्या कायद्याने ते 21 केले, त्यात हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकल सेल आले. व्हॉन विलेब्रँड, ग्लान्झमन, फॅक्टर सात किंवा तेराची कमतरता या रक्तस्रावाच्या इतर आजारांची नावं त्यात नाहीत. त्रास तितकाच असूनही हे रुग्ण वगळले जातात, हे मला मुळीच पटत नाही. त्यांच्या सांध्यांचं नुकसान झालं असेल, तर चलनवलनाच्या दिव्यांगत्वाखाली अर्ज करण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. मुलींना आणि बायकांना खिडकीवरूनच ‘हा पुरुषांचा आजार’ असं ऐकवतात. कायद्याच्या व्याख्येत ‘सामान्यतः फक्त पुरुषांना होणारा’ असं आहे, म्हणजे सामान्यतः, नेहमीच नाही. फॅक्टर कमी असल्याचा रिपोर्ट हातात असेल तर मागे फिरू नका.

अर्ज स्वावलंबन कार्डाच्या, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या सरकारी पोर्टलवर होतो. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि वैद्यकीय कागद जोडले की नोंदणी क्रमांक मिळतो. आधारवरचं नाव आणि केस पेपरवरचं नाव जुळतंय का, ते आधी पाहा. लहानपणी ‘बाळू’ नावाने निघालेला केस पेपर वीस वर्षांनी असा आडवा येतो.

रुग्णालय निवडताना लोक चुकतात. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन जिल्हे आहेत, सायन शहरात, कुर्ला उपनगरात. डोंबिवलीचा पत्ता असेल तर जिल्हा ठाणे. पण नियमात दुसरी वाटही आहे : ज्या सरकारी रुग्णालयात उपचार चालू आहेत किंवा झाले आहेत, तिथल्या वैद्यकीय प्राधिकाऱ्याकडेही अर्ज करता येतो. ‘तुमच्या जिल्ह्यात जा’ असं कुणी म्हटलं तर तिथलाच जुना केस पेपर दाखवून शांतपणे हे सांगा.

मुदतीचं म्हणाल, तर 2024च्या दुरुस्तीपासून निर्णयाला एक महिन्याऐवजी तीन महिने मिळतात. जूनमधल्या कॉलेज प्रवेशासाठी मे महिन्यात अर्ज करणाऱ्या पालकांची धावपळ मी दर वर्षी पाहते. दिवाळीनंतर लगेच अर्ज करा.

बोर्डापुढे जायच्या दिवशी मूल बहुतेक वेळा बरं असतं. ‘चालतोय की नीट!’ असं कुणीतरी म्हणतंच. म्हणून वर्षभराची वही न्या : कोणत्या तारखेला कोणत्या सांध्यात रक्तस्राव झाला, किती युनिट फॅक्टर घेतला, शाळा किंवा कामाचे किती दिवस बुडाले. सांध्यांचे एक्स-रे आणि इनहिबिटरचा (फॅक्टरचं औषध निकामी करणाऱ्या अँटिबॉडीचा) रिपोर्टही जोडा.

त्या दिवशी शरीरालाही जपा. सकाळच्या गर्दीची लोकल टाळा. बर्फाची पिशवी आणि हिमोफिलिया असल्याचं ओळखपत्र जवळ ठेवा. गुडघ्यात मुंग्या आल्या किंवा गरम लागलं, तर सूज यायची वाट पाहू नका, रांग सोडा आणि उपचार केंद्रात जा. अपॉइंटमेंट पुन्हा मिळते. दुखलं म्हणून अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊ नका, पॅरासिटामॉल चालतं. स्नायूत इंजेक्शन घेऊ नका. डोक्याला मार लागला तर थेट कॅज्युअल्टी, आणि स्कॅनची वाट न पाहता आधी फॅक्टर द्यायला सांगा.

बऱ्याच सवलती 40 टक्क्यांपासून सुरू होतात. उच्च शिक्षणातलं 5 टक्के आरक्षण हिमोफिलियालाही आहे. सरकारी नोकरीतल्या 4 टक्क्यांच्या यादीत मात्र हिमोफिलियाचं नाव नाही, चलनवलनाच्या दिव्यांगत्वाचं आहे. गुडघा किंवा कोपर कायमचा आखडला असेल, तर ऑर्थोपेडिक तपासणी करून त्याचीही नोंद करून घ्या. नुसतं ‘हिमोफिलिया’ लिहिलेलं कार्ड घेऊन नोकरीच्या कागदपत्र पडताळणीत अडकलेल्या मुलांचे चेहरे मला अजून आठवतात.

अर्ज नाकारला तर कारण लेखी मिळालं पाहिजे, तोंडी उत्तर घेऊन घरी येऊ नका. कायद्याच्या कलम 59 खाली अपील करता येतं, आणि त्यासाठी तोच कागद लागतो.

मंजूर झालं, तर प्रमाणपत्र हाती येताच नाव, दिव्यांगत्वाचा प्रकार आणि वैधता तिथेच वाचून घ्या. मुलांना पुष्कळदा ठरावीक मुदतीचं प्रमाणपत्र मिळतं. ती तारीख कॅलेंडरवर लिहा आणि नूतनीकरणाचा अर्ज तिच्या चार महिने आधी टाका.