म्हादईचा पूर आणि काठावरच्या पंचायती

चोर्ला घाटात रात्रभर पाऊस कोसळला आणि अंजुणे धरणाचे दरवाजे उघडणार अशी बातमी आली की गोव्यातल्या साखळी शहराच्या बाजारात दुकानदार माल वरच्या फळीवर चढवायला लागतात. हे तिथं कुणाला शिकवावं लागत नाही, धरणाचं पाणी वाळवंटी नदीतून खाली येणार हे सगळ्यांना पाठ आहे. पण पुराची सरकारी तयारी बघा, ती अजून बरीचशी हद्दीपुरतीच चालते. गटारं उपसली, नाल्यातला गाळ काढला, आपल्या काठाला भिंत घातली, झालं.

आधी थोडं गणित. 1 चौरस किलोमीटरवर 100 मिलिमीटर पाऊस पडला तर ते 10 कोटी लिटर पाणी होतं. म्हादईचं पाणलोट क्षेत्र गोव्यात 1580 चौरस किलोमीटर, वर कर्नाटकात 375 आणि महाराष्ट्रात 77. जुलैत माती आधीच भरलेली असते, जिरायला जागाच नसते, त्यामुळं पडलेल्यातलं बहुतेक पाणी नदीत येतं आणि सह्याद्रीचा उतार एवढा खडा की ते काही तासांतच येतं.

खाली आलं की मात्र नदी एकदम सपाट होते, आणि गोव्याच्या पुराची खरी गोम इथं आहे. मांडवीत, म्हणजे खाली आलेल्या म्हादईतच, भरतीचा परिणाम समुद्रापासून जवळजवळ 50 किलोमीटर आत, गांजे गावापर्यंत जाणवतो. म्हणजे वरून पूर उतरतोय आणि नेमकी अमावस्या-पौर्णिमेची मोठी भरती चढतेय असं झालं तर पाण्याला बाहेर पडायला वाटच राहत नाही, ते मागं तुंबतं आणि दोन्ही काठांवर पसरतं. तेवढाच पाऊस ओहोटीच्या वेळी आला तर कदाचित निभावून जातं. म्हणून नुसता पावसाचा अलर्ट पुरत नाही, पावसाचा आकडा आणि भरतीची वेळ एकत्र बघायला हवी.

आता समजा एका गावानं काठाला उंच भिंत घातली. त्या गावाचं भलं झालं, पण नदीला पसरायला जी जागा मिळायची ती गेली, मग समोरच्या काठावर पाणी जास्त चढतं आणि खालच्या गावाकडं पूर लवकर पोचतो. यात कुणाची वाईट बुद्धी नसते, प्लॅन करताना फक्त स्वतःच्या गावाचा नकाशा समोर असतो एवढंच.

आपल्या पूर्वजांना हे नीट कळत होतं. गोव्यात सुमारे 18 हजार हेक्टर खाजन जमीन आहे, बांधामागं खारं पाणी अडवून केलेली शेती. बांधातली मानस, म्हणजे पाण्याचं दार, बघितलीय का कधी जवळून? ओहोटीला नदी उतरली की आतल्या पाण्याच्या दाबानं लाकडी दार आपसूक बाहेर उघडतं, शेतातलं पाणी निघून जातं, आणि भरती चढली की नदीचं पाणीच ते दार दाबून बंद करतं. ना मोटर ना वीज. पण बांध एका जागी फुटला तर अख्खं खाजन खारट होतं, म्हणून बांधाची काळजी गावकरी मिळून घ्यायचे, ज्याचं शेत लांब त्यालाही त्यातून सुटका नव्हती. हीच सवय आता नदीभर लागायला हवी असं मला मनापासून वाटतं.

23 जुलै 2021 चा पूर आठवा, मुख्यमंत्र्यांनीच तो 1982 नंतरचा सगळ्यात मोठा म्हटला होता, सत्तरी, डिचोली, फोंड्यापासून पेडण्यापर्यंत घरं गेली. डिचोलीतल्या साळ गावात ज्या धरणाचं पाणी येतं ते तर राज्याबाहेर, महाराष्ट्रातल्या दोडामार्गात, तिळारी. तिथल्या इंजिनिअरनं पाणी सोडायचं ठरवलं की तो फोन थेट साळच्या सरपंचापर्यंत किती मिनिटांत येतो, यावर गुरं सुटतात की नाही ते ठरतं.

असं मिळून काम करायला कायदा आडवा येत नाही. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात जिल्ह्याचा आराखडा आहे, स्थानिक संस्थांनीही आपापला करायचा आहे. पंधराव्या वित्त आयोगानं तर राज्याच्या आपत्ती निधीतले 20 टक्के धोका आधीच कमी करण्यासाठी वेगळे काढले. अमेरिकेत 2000 सालच्या कायद्यानंतर शेजारची शहरं आणि काउंट्या (तिथले जिल्हे) मिळून एकच आराखडा करू शकतात, मात्र प्रत्येकानं तो स्वतः ठराव करून मंजूर करायचा, दर 5 वर्षांनी नवा करायचा, नाहीतर धोका कमी करायच्या कामांचं केंद्राचं अनुदान मिळत नाही. तिथल्या 2018 च्या एका मोठ्या अभ्यासात अशा अनुदानाच्या 1 डॉलरमागं पुढचं 6 डॉलरचं नुकसान वाचतं असं निघालं.

म्हादईकाठच्या पंचायती आणि पालिका एकत्र बसल्या तर सुरुवात साधीच आहे. गांजेची पाणीपातळी आणि पणजीची भरती एकाच तक्त्यावर, धरणापासून शेवटच्या वाड्यापर्यंत फोन नंबरांची साखळी, आणि कुठला बांध, कुठली मानस कमजोर आहे याची एकच सामायिक यादी, त्यात कुठलं काम आधी ते दोन्ही काठांनी मिळून ठरवायचं. आणि बांधांची कामं मेच्या आत, कारण चिखलाच्या बांधाला सुकायला ऊन लागतं, जूनमध्ये घातलेली माती पहिल्या उधाणातच वाहून जाते.