टोपण लावताना

रामबागेतली माझी भाची दंतवैद्यकाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रविवारी पोहे-जिलबी खाता खाता म्हणाली, "मामा, दात काढण्याआधी प्रत्येक पेशंटची एचआयव्ही टेस्ट का करून घेत नाहीत?"

तिच्या वर्गात बहुतेकांना असंच वाटतं म्हणे. पण संसर्गानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत रक्तात विषाणू उदंड असतो आणि चाचणी तरीही निगेटिव्ह येऊ शकते. तो रिपोर्ट पाहून डॉक्टर गाफील राहिला तर? म्हणून प्रत्येक पेशंट बाधित आहे असं धरूनच ग्लोव्ह्ज, मास्क, चष्मा आणि ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेने हत्यारं निर्जंतुक करणारं यंत्र. शिवाय 2017च्या कायद्याने संमतीशिवाय चाचणीही नाही आणि एचआयव्ही आहे म्हणून उपचारांना नकारही नाही.

"बाधित रक्ताची सुई टोचली तर किती जणांना लागण होते?" मी विचारलं. "निम्म्यांना?" ती म्हणाली. प्रत्यक्षात साधारण 0.3 टक्के, म्हणजे हजारात तिघांना. हेपॅटायटिस बीची लस न घेतलेल्यांना त्या आजाराचा धोका मात्र 6 ते 30 टक्के.

"तुझी लस झाली?"

"दोन डोस झालेत. तिसरा राहिलाय."

एचआयव्हीला घाबरणारी ही पोरगी!

मग तिच्या हातात पेन दिलं, म्हटलं, ही सुई, लाव टोपण. तिने डाव्या हातात टोपण धरलं आणि उजव्याने पेन त्यात खुपसलं. सुया टोचतात त्या अशाच. टोपण टेबलावर ठेवायचं, डावा हात पाठीमागे, आणि एका हाताने सुईचं टोक टोपणात सरकवायचं. तिला चार वेळा करायला लावलं. पोहे गार झाले.

तरी टोचलीच तर जखम साबणपाण्याने धुवायची, पिळायची नाही, आणि तडक इस्पितळ गाठायचं. प्रतिबंधक गोळ्या होता होईतो दोन तासांत सुरू व्हाव्यात. 72 तासांनंतर उपयोग नाही. कोर्स 28 दिवसांचा.

खरं तर दंतवैद्याला एचआयव्हीचा सुगावा इतरांआधी लागू शकतो. तरुण माणसाच्या तोंडात कारण नसताना पुसून निघणारा पांढरा थर दिसला, किंवा जिभेच्या कडेला न पुसले जाणारे पांढरे उभे पट्टे दिसले, तर चाचणीचा विषय काढावा. सरकारी आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि चाचणी केंद्रात, ती मोफत होते, नाव गुप्त राहतं. हिरड्यांवरून काडी फिरवून 20 मिनिटांत उत्तर देणारी चाचणीही आहे. ती विषाणू नाही, अँटिबॉडी, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं, शोधते, आणि पॉझिटिव्ह आली तर रक्ततपासणी करावीच लागते.

"पण पेशंटला सांगायचं कसं? त्याची आई शेजारी बसलेली असते," भाची म्हणाली.

"आधी आईला बाहेर बसव. मग दार लाव."