चिखलातली ताटं आणि उजनीची चिलापी

होळीनंतर उजनी धरणाच्या काठच्या भिगवणला गेलात आणि फ्लेमिंगो बघून झाले की जरा पायाखाली पण बघा. पाणी नुकतंच मागं सरकलेलं असतं, चिखल भेगाळायला लागलेला असतो आणि त्यात मधेच गोल गोल खड्डे दिसतात, काही ताटाएवढे, काही पार परातीएवढे, कडा अगदी कोरून काढल्यासारख्या. मला आधी वाटलं म्हशी लोळल्या असतील. पण नाही, ही चिलापी, म्हणजे तिलापिया माशाच्या नरांची कारागिरी.

उजनी भीमेवरचं धरण, १९८० साली पूर्ण झालं, पूर्ण भरलं की ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी आणि पसारा ३०० चौरस किलोमीटरच्या वर. थंडीत पाणी गार पडलं की मासा सुस्तावतो, कारण त्याच्या अंगाची ऊब पाण्याच्या उबेवर चालते, पाणी गार तर पचन पण मंद आणि भूक पण कमी. फेब्रुवारी सरता सरता ऊन चढतं आणि सगळ्यात आधी तापतं ते काठचं उथळ पाणी. चिलापीला विणीसाठी साधारण २० अंशांच्या वरचं पाणी लागतं, म्हणून ती काठाला येते, आणि मग गळवाल्यांची पण काठावर गर्दी.

नर या दिवसांत काळाकुट्ट होतो, गळ्याखाली पांढरा, परांच्या कडा लालसर. तोंडानं चिखल उचलायचा, बाजूला थुंकायचा, असं करत खड्डा करतो आणि दुसऱ्या नराला जवळ फिरकू देत नाही. मादी येते, खड्ड्यात अंडी घालते आणि लगेच उचलून तोंडात घेते. संपलं, निघाली. म्हणजे खड्डा नुसता लग्नाचा मांडव, बाळंतपण तिथं नाहीच! अंडी तोंडातच उबतात, तीन-पाच दिवसांत पिल्लं फुटतात आणि पुढं आठवडाभर तरी तोंडातच राहतात, नंतर बाहेर पोहायला लागली तरी धोका दिसला की परत आईच्या तोंडात.

आता धरणाचा हिशोब लावा. उन्हाळ्यात कालव्यांना, नदीला पाणी सुटतं, वरून बाष्पीभवन, पातळी रोज उतरते. ज्या माशाची अंडी काठच्या गवताला नाहीतर तळाला चिकटून असतात त्याची अंडी पाणी हटलं की उन्हात वाळून जाणार, पण चिलापीचा पाळणा तोंडातच असल्यामुळं पाणी जिकडं सरकेल तिकडं ती पण सरकते आणि मागं राहतात ती फक्त रिकामी ताटं. आणि बातमीत ‘उजनी मायनसमध्ये’ वाचून धरण कोरडं पडलं असं समजू नका, शून्य टक्के म्हटलं तरी खाली सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे टक्केवारीत न धरलेलं तळाचं पाणी, असतोच, माशांना तो भरपूर झाला.

याउलट कटला, रोहू, मृगळ. यांना पावसाळ्यातलं पुराचं वाहतं पाणी लागतं, धरणाच्या साठलेल्या पाण्यात ते सहसा अंडी घालत नाहीत, म्हणून बीज, म्हणजे बारीक पिल्लं, बाहेरून आणून सोडावं लागतं. ते बीज तरी हॅचरीत मिळतं कशामुळं, तर १९५७ साली ओडिशात डॉ. हिरालाल चौधरींनी माशाच्या मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून या माशांना अंडी घालायला लावली म्हणून. चिलापीला असलं काही लागत नाही, उलट थांबवायचं कसं हाच प्रश्न, कारण गर्दी झाली की ती बोटाएवढी असतानाच वीण सुरू करते.

गळ टाकणाऱ्यांसाठी एक गंमत. पिल्लं तोंडात असलेली मादी जवळजवळ उपाशीच राहते, त्यामुळं गांडूळ लावा नाहीतर कणकेची गोळी, तिला इंटरेस्ट नाही. खड्ड्यावरचा नर मात्र समोर आलेल्या कशावरही तुटून पडतो, तिथं भुकेपेक्षा रागच जास्त. सारख्या उपासामुळं मादी वाढीतही मागं पडते, म्हणून शेततळ्यात आणि पिंजऱ्यात चिलापी पाळणारे सगळे नरच मागतात.

खायचं म्हणाल तर पुणे-पिंपरीच्या सांडपाण्यानं उजनीचं पाणी हिरवं होतं, त्यातलं शेवाळ चिलापीला चालतं. पोटातलं आम्ल इतकं कडक, पीएच दोनच्याही खाली जातो, की दुसऱ्या माशांना न पचणारं निळं-हिरवं शेवाळ पण ती पचवते.

मूळची ती आफ्रिकेतली, मोझांबिककडची, भारतात आली १९५२ मध्ये. इथं तिनं देशी माशांची जागा खाल्ली म्हणून अभ्यासक वैतागलेत आणि ते बरोबरच आहे. पण तिकडं तिच्या स्वतःच्या नद्यांत बाहेरून आणलेल्या नाईल तिलापियाशी संकर होऊन हीच जात धोक्यात आलेल्यांच्या यादीत गेलीय! 

मार्च-एप्रिलात पहाटे जाळं होडीत ओढलं की कधी कधी तळाशी पिवळसर बारीक दाणे पडलेले दिसतात, बाजरीपेक्षा जरा मोठे. जाळ्यात अडकलेल्या मादीनं घाबरून तोंड उघडलेलं असतं.